तिसऱ्या अंकातली शांतता

फ्रीगंज भागातल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक प्रभाकर खांडेकरांशिवाय होत नसे. बावीस वर्षं ते विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभे राहत. सगळी नट मंडळी नोकरी-धंद्यातली. पाठांतराला फुरसत कोणाला? अर्धं वाक्य पाठ, अर्धं प्रभाकररावांच्या भरवशावर. त्यांचा आवाज नेमका नटाच्या कानापर्यंत जाई. पहिल्या रांगेलाही कळत नसे.

घरी तो आवाज एकट्या मुक्तासाठी, त्यांच्या मुलीसाठी होता. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. मार लाकडी पट्टीचा असे. मारून झालं की ते शेजारी बसत आणि उद्या शाळेत काय सांगायचं ते शिकवत. 'मी सायकलवरून पडले.'

"रडवेलं नको, बेटा. सहज म्हण."

सहज जमेपर्यंत जेवण मिळत नसे. तिसरीत असताना तिला ते जमलं. शाळेतल्या बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

कॉलेजातल्या मैत्रिणीला, मृणालला, हे मुक्ताच्या तेविसाव्या वर्षी कळलं. नाटकाच्या दिवशी, रविवारी दुपारी, मृणाल तिचा मेकअप करत होती. भुवईवरची पेन्सिल जागीच थांबली.

"आणि आज तेच विंगेत?"

"दर वर्षी असतात. तू भुवई पूर्ण कर."

भोपाळच्या एका नाट्यसंस्थेच्या विनोदिनीताई प्रेक्षकांत होत्या. त्यांना मुक्ताचं काम पसंत पडलं तर दोन वर्षं तिथेच राहणं, शिकणं, काम. प्रभाकररावांनी चारचौघांत होकार दिला होता. घरी एवढंच म्हणाले होते, की एक जरी लाइन इधर-उधर झाली तर भोपाळचा विषय संपला.

तिसऱ्या अंकात तिला भावाचं पत्र वाचायचं होतं. तो परत येणार नाही, असं पत्र. वाचून नाटकातली ती मुलगी लगेच बोलणार नाही, असं मुक्ताला पहिल्या तालमीपासून वाटत होतं. पण दर तालमीत ती थांबली की विंगेतून वाक्य यायचं आणि तिच्या तोंडून निघून जायचं.

तिने पत्र वाचलं. थांबली.

वाक्य आलं. तिने ते घेतलं नाही.

पुन्हा आलं, जरा मोठ्याने. समोर कोणीतरी खाकरलं.  

"मुक्ते."

हा घरातला आवाज होता. तोंड आपोआप उघडलं. तिने ते मिटलं. मग विंगेकडे पाठ करून ती खुर्चीवर बसली. हॉलमध्ये पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. विंगेतून काही येईनासं झालं, तेव्हा तिने वाक्य म्हटलं. हळू, स्वतःच्या आवाजात.

पडदा पडल्यावर विनोदिनीताई आत आल्या. त्यांनी विचारलं, प्रॉम्प्टर वाक्य देत होता, घेतलं का नाहीस?

"पाठ होतं."

त्यांनी तिला सोमवारी भोपाळला यायला सांगितलं.

प्रभाकरराव दारात उभे होते. हातात मिटलेली वही. मंडळाचे लोक भोवती होते, म्हणून ते हसत होते. मुक्ताला ते हसू ठाऊक होतं. सोमवारला अजून एक रात्र होती.

"बाबा, मी आज मृणालकडे राहते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "उद्या तिथूनच जाईन."

ते दारातून हलले नाहीत. ती अंग चोरून त्यांच्या शेजारून बाहेर पडली.

आज भोपाळच्या त्या संस्थेत मुख्य भूमिका तिच्या असतात. मंडळातले लोक मात्र अजून सांगतात, की त्या दिवशी मुक्ता वाक्य विसरली होती.