देव नसलेल्या देवळात

माझी लेक चार वर्षांची झाली तरी तिला वर दोनच दात होते, तेही खिळ्यासारखे टोकदार. केस विरळ. उन्हात घाम न येता नुसतीच तापायची. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. आमच्या भूम गावात बायका आपली पोरं तिच्यापासून दूर ओढत. अखेर सासूबाईंनी ठरवलं, ही पोर देवाची. अणदूरच्या खंडोबाला मुरळी म्हणून वाहायची. आमचे हे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. मी भांडले, उपाशी राहिले, शेवटी हरले. देवाचा मला तेव्हा रागच आला होता.

एस.टी.नं अणदूरला पोचलो तर देऊळ सुनं. हिवाळ्यात इथला देव नळदुर्गाला मुक्कामाला नेतात, हे आम्हा भूमकरांना कुठलं ठाऊक? हे चौकशीला गेले. मी लेकीला घेऊन रिकाम्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले. भर दुपारी आतून गार वारा येत होता.

मग आत कुणीतरी हललं. कपाळभर भंडारा लावलेली एक म्हातारी अंधारातून येऊन समोर टेकली.

"देव न्हाय इथं. लेकरू कुणाला देतीस?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं तोंडातली कवळी काढून तळहातावर ठेवली आणि ओठ फाकले. वर दोनच दात, टोकदार. लेक न भिता त्यांना बोट लावून बघू लागली.

"सोलापूरला दाताचा डाक्टर हाय. लहान लेकराला बी कवळी बसिवतो. जा, माय."

हे परतले तेव्हा उंबऱ्याशी मी आणि लेक, दोघीच होतो. सोलापूरला जायचं, एवढंच मी म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी लेकीला कडेवर घेतलं.

डॉक्टरांनी हिरड्यांचा ठसा घेतला. म्हणाले, हे पिढीजात असतं. कवळी बसवू, पण जबडा वाढेल तशी नवी करावी लागेल. घरात आणखी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. आम्ही नाही म्हणालो.

कवळी बसल्यावर घरी लेकीनं भाकरीचा कडक पापुद्रा कुरकुर चावला आणि मी चुलीपुढं ढसाढसा रडले. त्या भरात सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या नणंदेचे दात असेच होते. तिलाही अणदूरलाच वाहिली होती.

"पर ती म्हातारी कशी आसंल?" त्या म्हणाल्या. "धा वर्साची बी झाली न्हाय. उन्हाळ्यात तापली, तितंच गेली."

ती कोण, याचा मी पुन्हा शोध घेतला नाही. लेक द्यायला गेले तेव्हा देवानं आपली जागा रिकामी ठेवली, याचे उपकार फिटायचे नाहीत. बाकीचं त्याच्यावर सोडलं. कधी लेक जेवताना तिच्या मागं अंधारात कुणी टेकल्याचा भास होतो. मी वळून बघत नाही. आणखी एक ताट वाढते.