खंडेनवमीचे पाहुणे

शिमग्याला सगळेच बोंब मारतात. मला ती खंडेनवमीला मारावीशी वाटते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही वर्कशॉपच्या दारात झेंडूचं तोरण दिसलं, की माझं डोकं फिरतं. देवाधर्माशी माझं भांडण नाही. ज्यांनी आमच्या पूजेचा बाजार मांडला त्यांच्याशी आहे, आणि ते मिटलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी शिरवण्याच्या अलीकडच्या एका कारखान्यात टर्नर होतो, लेथ मशीन चालवायचो. पंपांचे शाफ्ट बनायचे तिथे. निम्मं वर्कशॉप माझ्यासारखंच साताऱ्याकडून आलेलं. मी बायकोबरोबर शिरवणे गावात एका आगरी काकींच्या खोलीत भाड्याने राहायचो. कारखान्याची शेड ज्या जागेवर उभी होती ती पूर्वी काकींच्या वडिलांची भातशेती. हे त्या कुणालाही विसरू द्यायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "तुजी मशीन हाय ना, तिथं आमचा बांध व्हता."

एका वर्षी कंपनी बंद होणार अशी कुजबुज सुरू होती. आजूबाजूच्या शेडना एकामागून एक कुलपं लागत होती. आमची रात्रपाळी थांबली होती आणि दिवसपाळीतही कामाची चणचण. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले तरी बोलणं एकच: आपलं काय होणार? मॅनेजरसाहेब तोंड उघडत नव्हते. मग नवरात्राच्या सुरुवातीला त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "यंदा पूजा जोरात करा. बाहेरचे पाहुणे येणारेत. मशिनी नव्यासारख्या दिसल्या पाहिजेत."

आमच्यातल्या जुन्या फिटरने सरळ विचारलं, "काम घेऊन येतायत का, साहेब?"

"काम असल्याशिवाय कोण येतं?" साहेब हसून म्हणाले. "तुम्ही मशिनी चमकवा. बाकीचं टेन्शन मला."

एवढं ऐकून आमच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. लोक समजतात, खंडेनवमी म्हणजे मशीनला हार घालायचा आणि पेढा खायचा. तसं नसतं. आधी मशीन पुसायची, आणि ती कशी? रॉकेलमध्ये चिंध्या बुडवून चिकटलेलं तेल सोडवायचं, खाली ट्रेमध्ये घट्ट बसलेला धातूचा चुरा खरवडायचा, मशीनच्या बेडवरचा, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाट्यावरचा, गंज पॉलिश पेपरने हळूहळू काढायचा. त्या वर्षी आम्ही स्वतःच्या हाताने रंगसुद्धा मारला. माझ्या लेथचं एक हँडल ढिलं होतं, साहेबांकडे मागून मागून नवीन मिळत नव्हतं. ते मी शेजारच्या शेडमधल्या ओळखीच्याकडून बनवून आणून बसवलं. नवीन गिऱ्हाईक येतंय, त्याला ढिलं हँडल दिसायला नको, म्हणून. आता आठवलं की स्वतःच्याच हातांचा राग येतो.

पूजेच्या दिवशी घरची माणसं कारखान्यात यायची. वर्षातून तेवढाच दिवस बायकामुलांना आत सोडत. माझी बायको ठेवणीतली साडी नेसून आली, सोबत काकी. काकी दरवर्षी यायच्या. आम्ही मशीनची पूजा करायचो, त्या जमिनीची करायच्या. शेडच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहून, नारळ फोडून मोकळ्या व्हायच्या.

पाहुणे आले. चांगले कपडे, हातात कॅमेरा. मॅनेजरसाहेबांनी माझ्या बायकोला पुढे बोलावलं, कारण आरतीचं ताट तिच्या हातात होतं. तिने त्यांना कुंकू लावलं, पेढे दिले. त्यातला मुख्य माणूस माझ्या लेथपाशी थांबला. बेडवरून तळवा फिरवला. पुढचं गोल चक हाताने फिरवून बघितलं. बेडवर सरकणारं सॅडल धरून हलवलं, किती झीज झालीय ते बघायला. मग खाली वाकून पायथ्याचे बोल्ट पाहिले आणि मला म्हणाला, "जरा चला के दिखाओ."

मी म्हटलं, "आज नाही चालवत, साहेब. आज तिची सुट्टी असते."

तो हसला आणि फोटो काढून पुढे गेला.

आम्ही सगळे बैलबाजार बघत वाढलेली माणसं. घेणारा माणूस बैलाचे दात कसे बघतो, पाठीवर थाप कशी मारतो, चार पावलं चालवून दाखव कसं म्हणतो, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. पण हारफुलांच्या त्या दिवशी आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. पाहुणा मशीन बारकाईने बघतोय याचा आम्हाला अभिमान वाटत होता!

ध्यानात आलं ते काकींच्या. घरी येताना त्या म्हणाल्या, "त्यो मानूस देवाच्या पाया पडला नाय. मशिनीखाली मात्र वाकून वाकून बगत व्हता. आमची जमीन मोजाला आल्ते ना, ते बी असंच बगत."

"काकी, शुभ बोला की," बायको म्हणाली. मीही त्यांना गप्प केलं.

दिवाळीची सुट्टी संपवून गावाहून परतलो तर गेटला कुलूप. दिवाळीला माणसं गावी जातात, ओरडायला कुणी नसतं, हे साहेबांना नेमकं ठाऊक होतं. साहेब स्वतः कुठे दिसेनात. आत क्रेन चालू होती. आम्ही बाहेर उभे, घोषणा देत होतो, आणि वॉचमन आमची नजर चुकवत होता. संध्याकाळपर्यंत ट्रेलर भरून बाहेर आला. त्यावर माझा लेथ होता, आम्ही मारलेल्या हिरव्या रंगात, ताडपत्रीने अर्धा झाकलेला.

ट्रेलरच्या मागच्या गाडीतून तोच माणूस उतरला. घोषणा देणाऱ्यांमध्ये त्याने मला ओळखलं. त्याने हात जोडले. मला वाटलं, निदान लाज वाटतेय याला. पण त्याच्या तोंडावर खरंखुरं कौतुक होतं.

"आप लोगों ने मशीन बहुत संभाल के रखी है," तो म्हणाला. "सच बोलूं तो हमारा पक्का नहीं था. दो-तीन जगह और देखनी थी. उस दिन पूजा में देखा, वहीं डील फायनल कर दी. और भाभीजी को बोलना, पेड़े बहुत अच्छे थे."

शिवी जिभेवर होती. माणूस वाईटही बोलत नव्हता, म्हणून ती बाहेर पडली नाही. गाडी निघून गेली.

त्यानंतर मी कुठे कुठे काम केलं, कसे दिवस काढले, ते सगळं बायकोला माहीत आहे. त्या माणसाचं गेटवरचं बोलणं एवढंच तिला माहीत नाही. ती अजून दसऱ्याच्या सुमारास पाहुण्यारावळ्यांना सांगते, "कंपनी गेली ती गेली, पण शेवटची पूजा काय सुंदर झाली हो! ते मोठे साहेब आले होते, त्यांना मीच कुंकू लावलं." आणि सगळे माझ्याकडे बघून माना डोलावतात. तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो.