टाचा आपोआप जुळतात

कडक खळ घातलेल्या खाकीला स्वतःचा एक आवाज असतो. माणूस चालू लागला की बाह्यांच्या घड्या सुकलेल्या केळीच्या पानासारख्या खरखरतात. परवा धामापूरच्या तळ्यावरून गार, शेवाळी वास घेऊन वारा येत होता, आणि देवळासमोरच्या मांडवात बसलेल्या माझ्या कानांनी तो आवाज डोळ्यांच्या आधी ओळखला. मयुरी येत होती. माझ्या चुलतभावाची लेक, फौजदार झालेली, खांद्यावर दोन तारे लावून, मुंबईत रुजू होण्याआधी गावाचा सत्कार घ्यायला.

सत्कार माझ्या हस्ते होता. तिला शाल पांघरायची, नारळ द्यायचा आणि मुंबई पोलिसांविषयी चार शब्द बोलायचे; कारण माझी सगळी हयात हवालदारकीत तिथेच गेली. जन्मात पहिल्यांदा वर्दीतला अधिकारी माझ्या पाया पडणार होता, आणि मी काका म्हणून ऐटीत खुर्चीवर बसून त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होतो. त्या एका क्षणाची मला केवढी हाव सुटली होती, काय सांगू तुम्हाला!

भाषण मनात घोळवून घोळवून तयार होतं. मुंबई जेव्हा नुसती बेटं आणि खाजणं होती, तेव्हा तिची राखण केली ती आम्हां भंडाऱ्यांच्या पलटणीने. माडावर चढणाऱ्या त्या दणकट हातांत सोटे आले आणि माहीम, शिव, शिवडीच्या वाटा निर्धास्त झाल्या. पुढे गोऱ्यांचं राज्य स्थिरावलं, आयुक्त आला, निळा डगला आणि पिवळी टोपी आली, खाकी आली, अर्ध्या चड्डीची पूर्ण पँट झाली. केवढं वैभवशाली स्थित्यंतर! पण त्या साऱ्या इतिहासात एक गोष्ट तसूभर हलली नाही, ती म्हणजे उतरंड. वर आयुक्त, त्याखाली सहआयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, मग निरीक्षक, फौजदार, आणि तळाशी आम्ही, हवालदार, नाईक, शिपाई. प्रत्येक पायरीवरचा माणूस वर पाहून टाचा जुळवतो आणि खाली पाहून आवाज चढवतो. अशाने एवढं अफाट शहर सांभाळलं जातं, हे मी नाकारत नाही. दंगलीत, पुरात, गणपतीच्या गर्दीत हुकूम एका श्वासात तळापर्यंत पोचतो म्हणूनच माणसं वाचतात. पण साहेबाच्या बंगल्यावर त्याचा कुत्रा फिरवताना मला नेहमी वाटे, हा हुकूम नेमक्या कोणत्या दंगलीचा?

निवृत्त झालो, गावी आलो, काजूची कलमं लावली. वर्दी ट्रंकेत गेली. वाटलं, सुटलो. वर्दी अंगावरून उतरते हो, अंगातून उतरते का?

मयुरी मांडवात शिरली. माझ्या एका हातात शाल, एका हातात नारळ. तिचे दोन तारे नजरेला पडले मात्र, मी ताडकन उभा राहिलो, चपलांच्या टाचा एकमेकींवर आपटल्या आणि उजवा हात नारळासकट कपाळाशी गेला. डोक्यावर टोपी नसताना सलाम ठोकायचा नाही, हे रंगरूटालाही ठाऊक असतं. नारळ निसटला, देवळाच्या पायरीवर आपटला आणि गडगडत निघाला, शाल मातीत.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे हवालदारानू, नारळान पण सलाम ठोकल्यान रे!" अख्खा मांडव खो खो हसला. माझी बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. कानशिलं तापली माझी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मयुरी वाकत होती ती तशीच अर्धवट थांबली. मग जवळ येऊन हळू म्हणाली, "काकानू, बसा बघू आधी. माका हुकूम सोडूक लावू नकात."

केवढी माया होती त्या बोलण्यात! लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तळं बघणारी पोर ती. आणि मी? हुकूम हा शब्द ऐकला आणि "येस मॅडम" म्हणून मटकन खाली बसलो.

या वेळी कोणी हसलं नाही. मयुरीचा चेहरा एकदम उतरला. ती माझ्या पाया पडली. पण माझा हात काही तिच्या डोक्यावर जाईना, तो मांडीवर मूठ वळून ताठ पडून राहिला, साहेबासमोर पडून राहायचा तसाच. लाज वाटली मला, लोकांच्या हसण्याची नव्हे, त्या हाताची.

उद्या तिच्या ठाण्यात माझ्या वयाची, पिकल्या केसांची माणसं ती आत शिरताच अशीच धडपडून उठतील. पहिल्या दिवशी तिचा चेहरा मांडवातल्यासारखाच उतरेल. दुसऱ्या दिवशी थोडा कमी. आणि मग एक दिवस तिला त्याचं काहीच वाटेनासं होईल. तसं होऊ देऊ नकोस गो बाय, एवढंच सांगायला हवं होतं मी, काका म्हणून. ते सांगणारं तिच्या वाटेत दुसरं कोणी भेटणारही नाही.

"चार शब्द बोला," म्हणून माईक माझ्यासमोर धरला गेला. मी उठलो, सावधान झालो, आणि तिच्याकडे न बघता भंडाऱ्यांच्या पलटणीपासून सुरुवात केली.