खिशातले सोडे

आमच्या वाडीत कोणी नवी सून आली आणि तिने विचारलं, की सरांच्या घरचा नैवेद्य का बंद झाला, तर तिला सांगतात की त्या घरात सुकी मासळी सापडली होती. सांगणारा आवाज खाली आणतो. माझ्या बायकोचं नाव घेतो, वर म्हणतो, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण झालं खरं तसं."

झालं नव्हतं तसं. मासळी मी आणली होती. तिच्यावर मी ढकलली. नऊ वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, आणि ती श्रावणात गेली. आता लिहितो आहे.

आमच्या वाडीतल्या देवळाचा उत्सव माघात असतो, पाच दिवसांचा. पाची दिवसांचा नैवेद्य एकाच घरातून जातो. आधी माझी आई करायची, तिच्यानंतर बायको. सोवळ्यात आणि मौन धरून. देवाच्या अन्नावर थुंकी उडू नये म्हणून चूल पेटल्यापासून पान वाढेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मी ते केळीच्या पानाने झाकलेलं ताट उचलून देवळात नेत असे. एवढाच माझा वाटा. तिला मात्र वर्षातले ते पाच दिवस स्वतःचे वाटत. बाकी सगळं वर्ष ती कोणाची तरी कोणी तरी असायची.

कुत्री आमच्याकडे आली ती मुलामुळे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याने लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं, सहा महिन्यांत त्याचा उत्साह संपला, आणि एका रविवारी तो गाडीतून तिला इथे ठेवून गेला. मी नाक मुरडलं. बायको तिला 'बाय' म्हणू लागली, आमच्याकडे लहान मुलींना म्हणतात तसं. "बाय गो, इथे बस." पण सोवळ्याचा प्रश्न होता. कुत्र्याने शिवलं तर पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून तिने कुत्रीला स्वयंपाकघराचा उंबरा शिकवला. आणि उत्सवाच्या मौनात बोलून सांगता येणार नव्हतं, म्हणून पहिल्यापासून हातानेच शिकवलं. तळवा जमिनीकडे केला की बस. तळवा समोर धरला की थांब. दोन बोटं आत वळवली की ये. काही महिन्यांत कुत्री उंबऱ्याबाहेर दोन-दोन तास बसू लागली. आत खोबरं किसलं जातंय, दूध उतू जातंय, मांजर समोरून शेपटी उडवत जातंय, ही जागची हलायची नाही. खायला काही दाखवावं लागलं नाही.

मग कोल्हापूरकडची काही कुत्रेवाली मंडळी इथे कुत्र्यांच्या शिस्तीची एक स्पर्धा घेणार असल्याचं कळलं. सरावाची स्पर्धा. खऱ्या स्पर्धेआधी कुत्र्यांना आणि माणसांना सवय व्हावी म्हणून घेतात ती. तिच्या निकालाची कुठे नोंद होत नाही, प्रमाणपत्राला किंमत नसते. हे मी मुद्दाम लिहितो. ज्या गोष्टीची कुठे नोंदही होणार नव्हती, तिच्यासाठी मी हे सगळं केलं.

"तुम्ही जा तिला घेऊन," असं बायको म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी जाऊ?"

मी हसलो. "त्या मैदानात तू नऊवारी सावरत कुत्र्याबरोबर पळणार? लोक काय म्हणतील?"

"मी पाचवारी नेसते, अहो. चाळीस वर्षं झाली बघताय."

फॉर्मवर मी माझं नाव घातलं.

सरावाला सुरुवात केली आणि कुत्री माझं ऐकेना. शाळेत मी गणित शिकवत असे; माझ्या आवाजाला सातवी-आठवीची पोरं दचकत. कुत्री माझ्या आवाजावर फक्त कान मागे घ्यायची आणि स्वयंपाकघराकडे बघायची. बायको ओसरीवरून म्हणाली, "ओरडू नका. हात दाखवा. मी शिकवते, या." मी गेलो नाही. निवृत्त मुख्याध्यापकाने बायकोकडून हातवारे शिकायचे, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

मोबाइलवर पाहिलं तर सगळे शिकवणारे खिशात खाऊ ठेवत. बिस्कीट दिलं, खोबऱ्याचा तुकडा दिला. आमच्या घरी दहीभातावर वाढलेली कुत्री, तिने सभ्यपणे खाल्लं आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं. तेव्हा मला सोडे सुचले. सोललेली, वाळवलेली कोळंबी. वास असा, की मेलेलं माणूस उठून बसावं. रत्नागिरीच्या बाजारात मला सगळे ओळखतात, म्हणून स्कूटर काढून हातखंब्याला गेलो. हमरस्त्याच्या कडेला एक बाई सुकी मासळी घेऊन बसली होती. तिच्या मुलाला आमच्या शाळेत घालताना कधी भेटली असणार, कारण तिने मला ओळखलं.

"काय वो सर, वाट चुकलाव काय?"

"कुत्र्यासाठी हवेत."

"सगळे बामन तसंच सांगतत," ती म्हणाली आणि शेजारणीकडे बघून हसली. कागदात बांधून दिलं. मी ते स्कूटरच्या डिकीत ठेवलं, घरात नेलं नाही. ही एवढी गोष्ट माझ्या बाजूची. सोडे कधीच आमच्या घरात आले नाहीत.

चार दिवस बागेच्या मागच्या कातळावर मी तिला सोडे दाखवून चालवलं. कुत्री माझ्या मांडीला चिकटून चालू लागली. मला वाटलं, मी जिंकलो.

स्पर्धेच्या दिवशी वाडीतली बरीच मंडळी आली होती. रविवार होता आणि असलं काही इथे कोणी पाहिलं नव्हतं. देवळाचे अध्यक्ष आमचे शेजारी. आंबा बागायतदार, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तेही दोरीपाशी उभे होते. बायको त्यांच्या शेजारी. परीक्षक म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी सुरुवातीलाच मोठ्याने सांगितलं, "रिंगणात खायला काय बी आणायचं न्हाई. खिसं रिकामं करून या." मी ऐकलं. पँटच्या उजव्या खिशात हात घातला, कागदाची पुडी चाचपली आणि हात रिकामा बाहेर काढला.

पहिली फेरी सुंदर झाली. कुत्री माझ्या उजव्या खिशावर डोळे लावून चालत होती, पण लोकांना ते माझ्यावरचं प्रेम वाटलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष ओरडले, "वा सर! पोरांना नाही लावलीत एवढी शिस्त!" हाक मारून बोलावणंही जमलं. मग शेवटचा भाग आला. कुत्री ओळीने बसवायची, मालकांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं, आणि तीन मिनिटं कुत्र्याने हलायचं नाही.

यात तिला कोणी हरवू शकलं नसतं. उंबऱ्यावर दोन तास बसणारी कुत्री ती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि तिने थांबावं म्हणून उजवा तळवा पुढे केला. चार दिवस त्याच तळव्यावर मी तिला सोडे देत होतो.

ती उठली. धावत आली आणि तिने खिशात तोंड खुपसलं. कापड टरकलं. तांबड्या मातीवर सोडे विखुरले, वास पसरला, आणि ओळीतली बाकीची सगळी कुत्री उठून माझ्याकडे आली. अल्सेशियन, डॉबरमन, एक लहानसं पांढरं कुत्रं, सगळी माझ्या पायांत. लोक पोट धरून हसत होते. मी कुत्र्यांना लाथा मारत होतो.

सुभेदार आले. "काय हाय हे, काका?"

दोरीपलीकडून अध्यक्ष वाकून बघत होते. "अहो, हे सोडे आहेत की!"

मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही. कपडे हिने काढून दिले सकाळी. हिनेच भरले असणार खिशात."

असं वाक्य तोंडातून बाहेर पडायला किती वेळ लागतो? मी त्याआधी जराही विचार केला नव्हता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. केला होता. सुभेदारांकडे बघताना मला अध्यक्ष दिसले, आणि मी हिशेब केला की हिचं काय बिघडेल, बाईमाणूस, हसतील आणि विसरतील.

बायको दोरीखालून आत आली.  तळवा जमिनीकडे केला. कुत्री सोड्यांच्या मधोमध खाली बसली. जिभेवरचा तुकडाही तिने गिळला नाही, तसाच बाहेर पडू दिला. सुभेदारांनी ते पाहिलं. "ताई, कुत्री तुमची हाय," ते म्हणाले. "मग ह्येंना कशाला पाठवलं?"

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, सोडे? तुमच्या घरात?"

 ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर मी द्यायचं होतं. मी पट्टा शोधत होतो. पट्टा माझ्या हातातच होता.

घरी आल्यावर तिने पाय धुतले, कुत्रीला पाणी दिलं आणि मग म्हणाली, "उद्या जाऊन सांगून या त्यांना. देवाचं आहे. ही चेष्टा नाही."

"उद्या जातो," मी म्हणालो.

उद्या मी गेलो नाही. आठवड्याने अध्यक्षच आले. ओसरीवर बसले, आंब्याचा मोहर, फवारणी, सगळं बोलून झालं. मग म्हणाले, "यंदा वहिनींना विश्रांती देऊ म्हणतो. तसं काही नाही हो सर. पण लोक बोलतात. सोवळ्याचा विषय आहे. आमची ही करील यंदा."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, "बरं."

मैदानावर मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. ओसरीवर मी घाबरलेलो नव्हतो. चहा पीत होतो.

पुढच्या वर्षी उत्सवाच्या आधी तिने विचारलं, "यंदा सांगणार?" मी म्हणालो, "आता जुनं कशाला उकरायचं?" त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं. तिसऱ्या वर्षी जेवताना विचारलं, माझ्या पानात भात वाढता वाढता, जसं मीठ हवं का विचारावं तसं. नंतर विचारणं बंद केलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. हेही लिहायला हवं. उत्सवाचे पाच दिवस ती देवळात जायची, मागे बसायची, आणि अध्यक्षांच्या बायकोने केलेल्या नैवेद्याचा प्रसाद हातावर घ्यायची. घरी येऊन एकदाच म्हणाली, "घावनात मीठ कमी आहे त्यांच्या." कुत्रीवर तिने कधी राग काढला नाही. तो सगळा माझ्यासाठी राखून ठेवला, आणि मलाही दिला नाही.

ती गेल्यावर, या माघातल्या उत्सवाआधी, मी अध्यक्षांकडे गेलो. नऊ वर्षांत चालून गेलो नव्हतो ती वाट दोनशे पावलांची आहे. त्यांना सगळं सांगितलं. ते आंब्याच्या पेट्यांवर बसले होते. ऐकून घेतलं.

"सर, मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुमची स्कूटर हातखंब्याला त्या बाईच्या टोपलीपाशी मी बघितली होती. मी एसटीत होतो. मैदानात सोडे बघितले तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमच्या बायकोबद्दल तुम्ही बोलताय. मी मध्ये पडून तुम्हाला खोटं ठरवू? मी वाट बघितली. तुमच्याकडे आलो तेव्हाही वाट बघितली, सर. तुम्ही बरं म्हणालात." मग म्हणाले, "आणि आमच्या हिची फार वर्षांची इच्छा होती. खोटं का सांगू?"

मी म्हणालो, देवळाच्या सभेत हे सर्वांना सांगा. ते म्हणाले, "आता कोणाचं भलं होणार आहे? तुमचंच नाव जाईल या वयात. आणि आमचंही."

त्यांनी मला घरापर्यंत सोडायची तयारी दाखवली. मी एकटा आलो.

म्हणून हे लिहून काढलं. याच्या प्रती काढून वाडीतल्या प्रत्येक घरात मी स्वतः देणार आहे, पहिली अध्यक्षांच्या घरी. ज्यांना सुनांना सांगायचं आहे त्यांनी हे सांगावं: सोडे त्या घरातल्या पुरुषाने आणले, खिशात त्याने ठेवले, आणि बाईचं सोवळं त्या दिवशीही मोडलेलं नव्हतं, नंतरही नाही.

कुत्री अजून आहे. बारा वर्षांची झाली, मागचे पाय धरतात. सकाळी मी कुकर लावायला स्वयंपाकघरात गेलो की ती उंबऱ्याबाहेर येऊन बसते आणि हलत नाही. काम झाल्यावर बायको तिला उठायची काही तरी खूण करायची. ती खूण मी कधी पाहिली नाही, कारण उत्सवात त्या वेळी मी ताट घेऊन देवळाकडे निघालेलो असे, आणि एरवी मी तिकडे कधी बघितलं नाही. मी 'उठ' म्हणतो, 'जा' म्हणतो. ती माझ्या पलीकडे, चुलीकडे बघत राहते. शेवटी मीच तिला ओलांडून बाहेर येतो.