वाचून दाखवले, बरोबर आहे

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नाही. बावीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते. देवाची शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणारे इतके पाहिले, की न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास कुठून बसणार? कोणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या की मी विचारायची – साक्षीदार कोण? आता या गोष्टीची साक्षीदार मीच आहे... आणि उलटतपासणीत टिकेन असं मला वाटत नाही.

आम्ही दारव्ह्याला राहायचो. कापसाचे भाव पडले होते ती वर्षं. बाजाराच्या दिवशीसुद्धा बोरी अरब गावाला जाणाऱ्या जीपा अर्ध्या रिकाम्या जायच्या, त्यामुळे शेजारच्या सुभानचाचांचं गॅरेज थंड पडलं होतं. चाचा ऐंशीचे. तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवायचे, ब्रह्मदेशाच्या लढाईत होते, एवढं गल्लीला ठाऊक. लढाईचं काही विचारलं की म्हणायचे, "रस्ते लय खराब होते." बस्स, एवढंच.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असायची. सुट्टीत हात जड होतो म्हणून मी टीव्हीवर जे लागेल ते ऐकून शॉर्टहँडचा सराव करायची. एक दिवस चाचांचा मुलगा रफीक म्हणाला, "ताई, भाड्यानं सीडी आणली. मिल्ट्रीच्या कोर्टाचा पिच्चर हाय, तुमच्याच कामाचा." दुपारी दोनला लाइट आली आणि मी पॅड-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसले.

सिनेमा इंग्रजी, हिंदीत डब केलेला. हत्यार टाकून शरण आलेल्या कैद्यांना गोळ्या घातल्या म्हणून एका अफसरावर फौजी कोर्टात खटला चाललेला. वकील दर वाक्याला टेबल आपटत होता. आमच्या जज्जसाहेबांनी त्याला पाच मिनिटांत बाहेर काढला असता, असं मी रफीकला म्हटलंही. चाचा खाटेवर बसून बघत होते. मग एका कोवळ्या ड्रायव्हरला साक्षीला बोलावलं. "तूने क्या देखा?" पोरगा मान खाली घालून गप्प. न्यायाधीशानं त्याला जायला सांगितलं. शेवटी अफसर सुटला. चाचा नमाजाला उठले, मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शॉर्टहँड उतरवायला घेतलं. शॉर्टहँडमध्ये अक्षरं नसतात, कानावर पडलेला आवाज लिहायचा असतो. "तूने क्या देखा?" पर्यंत सगळं नीट हिंदी होतं. आणि त्याच्या खाली, जिथे पोरगा गप्प बसला होता तिथे... दीड पान मजकूर होता. माझ्याच हातचा. पण हिंदी नाही, वऱ्हाडी.

"नाव सुभान, बापाचं नाव रहीम. वय वीस. धंदा, मिल्ट्रीत डायवर. राहनार बोरी अरब. मी गाडीतच होतो. नऊ मान्सं होते, हात मांगं बांधेल. सायेबानं सांगतलं, इंजन चालू ठेव, रेस दे, बंदुकीचा आवाज दबते. मी रेस देली. चौकशीत मले पुसलं तवा मी म्हनलं, काईच नाई पाह्यलं..."

असं बरंच. मी दोनदा, तीनदा वाचलं. चाचांच्या गॅरेजात कोणी गाडी उगाच चालू ठेवली की ते पान्हा घेऊन धावायचे, ते मला तेव्हा आठवलं.

मी रफीककडून सीडी मागून आणली आणि घरी पुन्हा लावली. पोरगा गप्पच होता, फार तर दोन श्वास घेण्याइतका वेळ. माझा वेग मिनिटाला ऐंशी शब्द. दीड पानाला चार मिनिटं तरी हवीत! मध्ये सिनेमा थांबवला होता का, म्हणून रफीकला विचारलं. तो म्हणाला, "नाई ताई. अन् अब्बा तं पूर्ण पिच्चरभर एक शब्द नाई बोलले."

फाडून टाकावं की काय, असं फार वाटलं. पण साक्ष घेतली की साक्षीदाराला वाचून दाखवायची, ही माझी जन्माची सवय. संध्याकाळी रफीक चौकात गेल्यावर मी चाचांपुढे बसले. हे कसं लिहिलं गेलं मला माहीत नाही, एवढं म्हटलं आणि वाचत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तशी मला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

"हे तुले कोनं सांगतलं, असं मी नाई पुसत," चाचा म्हणाले. "पन एक चुकलं, बाई. नऊ नाई. धा होते."

"दहावा?"

"एक पयाला. मह्याच गाडीखाली घुसला. मले आरशात त्याचे पाय दिसत होते. सायेब म्हने, गाडी मांगं घे."

मी पॅडवर पेन्सिल टेकवली.

"घेतली मी," चाचा म्हणाले. "तेवढं लिही. ते पिच्चरमदलं पोट्टं तिथी उभं राहून बाकी सगळं सांगल, हे नाई सांगनार."

मी लिहिलं. रिवाजाप्रमाणे खाली लिहिलं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' चाचांनी सही केली आणि विचारलं, "झाली नं साक्ष? कोर्टात गेली नं?" कोर्टाबाहेर, शपथेशिवाय घेतलेल्या अशा कागदाची किंमत मला माहीत होती. मी "हो" म्हटलं. बावीस वर्षांत नोकरीत कधी खोटं बोलले नाही, ते त्या संध्याकाळी बोलले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. पावसाळा लागायच्या आत चाचा गेले.

ते पॅड अजून माझ्याकडे आहे. जुन्या सहकाऱ्यांना दाखवलं, एका डॉक्टरांनाही दाखवलं. कोणी म्हणालं, लहानपणी ऐकलं असशील. कोणी म्हणालं, डुलकी लागली असेल. असेलही. मला काहीच सांगता येत नाही. फक्त इतकंच, की दहाव्या माणसाची ओळ चाचांनी माझ्या समोर सांगितली, माझ्या कानांनी मी ती ऐकली, आणि लिहिताना माझा हात इतका थरथरत होता की ती आता मलाही नीट वाचता येत नाही. त्याच्या वरचं दीड पान मात्र स्वच्छ आहे. एकही खाडाखोड नाही.