लेकीच्या गावात दंतमंजन

माझे बाबा काही दिवस दंतमंजन विकत होते, असं सांगितलं की त्यांना ओळखणारी माणसं अजून हसतात. हसू देत. पान खाऊन खाऊन बाबांचे दात असे लाल झाले होते की कामावर ठेवतानाच शेठनं त्यांना बजावलं होतं, "गिऱ्हाइकासमोर तोंड मिटून बोलत जा." आता तोंड मिटून माणूस बोलणार कसा, ते त्या शेठलाच ठाऊक!

शेठ घाटावरचा. पालघरला स्टेशनजवळ पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन तो तिथे बदामाची टरफलं जाळायचा, कात, कापूर, लवंग कुटायचा आणि ती पूड डब्यांत भरून विकायचा. साठ सालानंतरचे ते दिवस. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं. बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती आणि जो तो काहीतरी विकायच्या मागे होता. शेठला विकायला माणसं हवी होती, पण पगार द्यायची दानत नव्हती. "पगार बिगार काही नाही. विकाल त्यावर कमिशन. नाही विकलं, तर राम राम." असा सरळ हिशेब.

माणूस पारखायची त्याची रीतही अजब होती. शिक्षण किती, बोलायला कसा, हे काही नाही. एकच प्रश्न, "तुमचे सोयरेधायरे कुठं कुठं आहेत?" ज्याचा गोतावळा मोठा तो आत, बाकीचे बाहेर. बाबांनी आपलं सांगितलं, घर माकुणसारला, मामेभाऊ केळव्याला, बहीण मनोरला, लेक घिवलीला. शेठ खूश! "म्हणजे चार गावं तर खिशातच आहेत तुमच्या," म्हणाला. हे मला बाबांनीच सांगितलं होतं, तेही कौतुकानं.

बाबांना कामाची गरज होतीच. आमच्या पानवेली रोगानं गेल्या होत्या आणि उरलेली वाडी काका बघत होते. पण खरं कारण ते नव्हे. खरं कारण मी होते. आई मी लहान असतानाच गेली. बाबांनी मला एकट्यानं वाढवलं, वेणीसुद्धा तेच घालायचे, वाकडीतिकडी. मला घिवलीला दिल्यावर घर त्यांना खायला उठायचं. पण लेकीच्या सासरी बापानं उठसूट जायचं कसं? लोक काय म्हणतील? खांद्याला डब्यांची पिशवी असली की कुणी काही म्हणणार नव्हतं. विक्रेता काय, कुठल्याही गावात जातो.

आणि एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. लेक जिथे दिली त्या घरचं काही घ्यायचं नाही, अशी ती समजूत. बाबा तर त्यातले फारच कडक. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि बाबा मला म्हणाले, "बाय, तुज्या हातचं जेवायला आता मला नातवाची वाट बघायला लागल." तेव्हा मी रडता रडता हसले. पण पुढे ते माझ्या मनातच बसलं. कधी एकदा बाबा माझ्या घरात पाटावर बसतात आणि मी त्यांना वाढते, असं मला होऊन गेलं होतं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती.

बाबा महिन्या-पंधरा दिवसांनी यायचे. बोईसरपर्यंत गाडीनं, पुढे केंद्राच्या कामाला खडी नेणाऱ्या एखाद्या ट्रकवर, नाहीतर चालत. गावात शिरायचे, पण आमच्या ओटीवर टेकायचे नाहीत. देवळाच्या पारावर बसायचे. मी काहीतरी निमित्त काढून तिकडे जायची. घामाघूम झालेला बाप समोर बसलेला आणि मी त्याला पाणी देऊ शकत नाही! मेली कसली रीत ती! आजही तिला शिव्या घालते मी.

बाकीच्या गावांत बाबांचा धंदा म्हणजे आनंदीआनंद. केळव्याचे मामेभाऊ म्हणाले, "आपल्या मानसाकडना पैसे घेशील?" बाबांनी डबे तसेच देऊन टाकले. मनोरला आत्याच्या घरी तर बोलायलाच नको. सगळीकडे आपलीच माणसं, मग पैसे मागायला तोंड कसं उघडायचं? शेठला वाटलं होतं सोयरे म्हणजे गिऱ्हाईक. आमच्याकडे सोयरा म्हणजे ज्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत तो.

घिवलीत मात्र चमत्कार! बाबा पारावर बसले की बायका यायच्या, रोख पैसे द्यायच्या आणि डबे घेऊन जायच्या. दुपारच्या आत पिशवी रिकामी. बाबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. वाडीतली पानं बाजारात नेली तरी अर्धी वाटून येणारा हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी विकता आलं होतं. "तुज्या गावाचं मानूस लई चांगलं हाय," असं मला दर वेळी सांगायचे. ताठ बसायचे, पोरांशी चेष्टा करायचे. कमिशनच्या पैशातून स्वतःसाठी नवं धोतर घेतलं त्यांनी.

एकदा मी माळ्यावर चढले, सुकटाची टोपली काढायला. बघते तर कोपऱ्यात दंतमंजनाच्या डब्यांची रास! खाली येऊन सासूबाईंना विचारलं. त्या आधी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, मग चिडल्याच माझ्यावर. "मग काय करू? व्याही गावात येतात, पानी घेत नाय, घास घेत नाय. तसंच रिकाम्या हातानी पाठवू? आमची काय लाज हाय का नाय?" शेजारणींच्या हाती पैसे देऊन त्या डबे आणवत होत्या. व्याह्याचा मान ठेवायला दुसरा मार्गच त्यांना बाबांनी ठेवला नव्हता. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. अशी सासू मिळायला भाग्य लागतं. आजही त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर भांडेन.

मग शेठला घिवलीचा आकडा दिसला. एवढ्याशा गावात एवढा खप! केंद्राच्या वसाहतीत माल खपवायला त्याला आणखी माणसं हवी होती, तीही अर्थात कमिशनवरच. तो एके दिवशी बाबांबरोबर घिवलीला येऊन थडकला. बाबा नवं धोतर नेसून आले होते. शेठला गाव असं दाखवत होते, जणू त्यांनीच वसवलंय. मी दारातून बघत होते. तेव्हा मला दिवस गेलेले होते, आणि ते त्या दिवशी बाबांना सांगायचं असं मी ठरवलं होतं.

शेठनं समोरच्या काकींना विचारलं, "कसं काय वाटतं आमचं मंजन?" काकी भाबडी बाई. खळखळून हसली. "आमी कुठं लावतो? आमी आपली राखुंडी. डबे सगळे यांच्या माळ्यावर हायेत, व्याह्याचा मान म्हनून घेतलेले." आणि आमच्या घराकडे बोट केलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून "नाही" म्हणायला हवं होतं का? मला सुचलंच नाही. माझे डोळे भरून आले आणि त्यांना काय ते कळलं.

शेठला काही कळलं असेल तर शपथ. त्यानं टाळी वाजवली. "वा! अहो, माझं म्हणणं तरी दुसरं काय होतं? सोयरेच माल घेतात! अशीच गोतावळ्याची माणसं आणा मला, अजून दहा आणा!" बाबांनी खांद्यावरची पिशवी काढली, शेठच्या पायाशी ठेवली आणि चालायला लागले. दिवस गेल्याची बातमी त्यांना पुढे काकांकडून कळली.

बाळंतपणाला मी माकुणसारला गेले. मुलगा झाला. बाबांनी त्याला आंघोळ घालण्यापासून सगळं हौसेनं केलं, पण घिवलीचा विषय निघाला की उठून वाडीत जायचे. मी म्हणायची, होईल सगळं नीट, आता तर नातू आहे. मग मला आणि बाळाला पोचवायला ते स्वतः आले. सासूबाईंनी पहाटेपासून तयारी केली होती. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, शेवयांची खीर. पाटाभोवती रांगोळी काढली होती. मी ताट वाढलं आणि बोलवायला बाहेर आले.

बाबा ओटीच्या खाली, अंगणात उभे होते. बाळाला छातीशी धरलेलं. "बाबा, चला. आता तर रीतसुद्धा आडवी येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. रागानं नाही, अगदी हळू म्हणाले, "तुज्या घरचंच तर खात होतो नं बाय मी, येवढे दिवस. आता आनखी काय वाढतेस?"