स्टोव्हची पिन
परवा माळ्यावरचा पितळी स्टोव्ह घासायला काढला आणि रॉकेलच्या वासानं मी थेट शाहूपुरीतल्या सासरच्या अंगणात जाऊन पोचले. लग्नाला जेमतेम महिना झालेला. भाच्याच्या बारशाला गडमुडशिंगीला माहेरी जायचं म्हणून मी नटून उभी, आणि मामंजींची जुनी मोटार सुरू व्हायची, भकभकायची आणि बंद पडायची! बॉनेट उघडून मामंजी आणि आमचे हे वायरी चाचपत होते. "बॅटरीच गेली," हे म्हणाले. "मग सुरू तरी कशी हुती रं?" मामंजी खेकसले. मला मात्र ती भकभक ओळखीची वाटली. भोकात कचरा अडकला की माझा स्टोव्ह अगदी अस्साच करायचा. न राहवून मी ओरडलेच, "मामंजी, कचरा अडकलाय! पिन मारून बघा की!" नवी सून, आणि एवढा आवाज! मामंजी बॉनेटखालून डोकं वर काढून म्हणाले, "आण की मग!" मी पळत स्वयंपाकघरातून पिन आणली. त्यांनी कार्बोरेटर खोलला, त्यातल्या पेट्रोल येतं त्या इवल्या भोकात पिन फिरवली, सगळं परत बसवलं आणि हँडल मारलं. मोटार अशी गरजली की गल्लीतली कुत्री पळाली! सासूबाई स्वतः मागं बसल्या नि म्हणाल्या, "तू म्होरं बस गं. परत बंद पडली तर?" मोटार केव्हाच भंगारात गेली, माझा आवाज मात्र त्या दिवशी जो चढला, तो अजून खाली आलेला नाही.